न्यू जर्सीतील मुलीच्या अंगणात रोगप्रतिकारक संकरित डॉगवूड लावावा का, आणि तो बेळगावात येईल का?

प्रश्न : हिंदवाडीची परसबाग (बेळगाव)

नमस्कार. मी बेळगावात हिंदवाडीला राहते. शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यापासून माझा बहुतेक वेळ घरामागच्या परसबागेत जातो. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतात, आणि माझा प्रश्न त्यांच्या अंगणातील एका झाडाविषयी आहे. त्यातूनच निघालेला दुसरा प्रश्न माझ्या स्वतःच्या बागेविषयी आहे.

त्यांनी घर घेतले तेव्हा अंगणाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, एका मोठ्या ओकच्या सावलीत, डॉगवूडचे जुने झाड होते. पहिल्या वर्षी एप्रिलअखेरीस त्याला चार पाकळ्यांची पांढरी फुले आली, असे मुलगी सांगते. पुढे मात्र ते खालून वाळत गेले. आधी जमिनीलगतच्या फांद्या गेल्या, मग मधल्या. पानांवर जांभळट कडा असलेले तपकिरी ठिपके पडत, आणि वाळलेली पाने हिवाळ्यातही फांदीला लोंबत राहत. आश्चर्य म्हणजे झाड मरणाला टेकलेले असताना त्याच्या खोडावर मात्र ठिकठिकाणी सरळसोट, लुसलुशीत धुमारे फुटले होते. जावयांना वाटले, झाड सावरते आहे. दोन वर्षांत ते पूर्ण वाळले आणि तोडावे लागले.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी तिकडे असताना शेजाऱ्यांच्या दारात अगदी तशाच पांढऱ्या फुलांनी झाकलेले एक डॉगवूडचे झाड पाहिले. फांदी दिसू नये इतकी फुले होती आणि पाने निरोगी होती. शेजारी म्हणाले की ही रोगाला दाद न देणारी संकरित जात आहे. तेव्हापासून मुलीच्या मनात तेच झाड लावायचे आहे. मी सप्टेंबरअखेरीस पुन्हा तिकडे जाणार आहे.

तर प्रश्न असे : जुने झाड कोणत्या रोगाने गेले असावे? त्याच जागी संकरित झाड लावले तर चालेल का, आणि कोणती जात निवडावी? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारते. परत येताना त्याचे एखादे छोटे रोप किंवा कलम आणून बेळगावात लावता येईल का? आपल्या गावाला पूर्वीपासून थंड हवेचे म्हणतात, म्हणून आशा वाटते.

उत्तर १ : निपाणीकर, मुक्काम न्यू जर्सी

नमस्कार बाई. मी मूळचा निपाणीचा. गेली अठरा वर्षे इकडेच आहे. तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदानाला फारसा वाव उरत नाही. तो डॉगवूडचा करपा असावा. खालच्या फांद्या आधी जाणे, पानांवर जांभळ्या कडेचे डाग, हिवाळ्यातही न गळणारी वाळकी पाने आणि खोडावरचे धुमारे ही चारही लक्षणे एकत्र आली, की इथला कोणताही जुना माळी झाडाकडे न बघताच मान हलवतो. ते धुमारे म्हणजे सुधारणेचे लक्षण नसते. फांद्या वाळत गेल्यामुळे झाड खोडातून नवी फूट काढते, आणि त्याच कोवळ्या फुटीतून बुरशी खोडात उतरून साल कुजवते. जावयांची समजूत चुकली यात त्यांचा दोष नाही. मीही तसेच समजलो असतो.

हा रोग 'डिस्क्युला डिस्ट्रक्टिव्हा' नावाच्या बुरशीमुळे होतो. तो अमेरिकेत १९७० च्या दशकात प्रथम लक्षात आला, पश्चिमेला वॉशिंग्टन राज्यात आणि जवळपास त्याच सुमारास इकडे न्यूयॉर्क-कनेक्टिकट भागात. थंड, ओलसर, सावलीची आणि वारा न फिरणारी जागा या बुरशीला मानवते. त्यामुळे डोंगरातील जंगलांत इथल्या देशी डॉगवूडची अपरिमित हानी झाली, तर मोकळ्या उन्हातली अनेक झाडे वाचली. यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ओकखालचा उत्तरेचा कोपरा सोडून द्या. जात कितीही कणखर असली तरी तिला सकाळचे ऊन, दुपारची थोडी सावली आणि खेळती हवा मिळेल अशी जागा शोधा.

आता जातीविषयी. तुमच्या मुलीचे जुने झाड एप्रिलअखेरीस, पाने येण्याआधी फुलत होते, म्हणजे ते इथले देशी 'कॉर्नस फ्लोरिडा' असणार. दुसरी जात 'कॉर्नस कौसा' ही जपान, कोरिया आणि चीनकडची. ती साधारण महिनाभर उशिरा, पाने आल्यावर फुलते, तिच्या पाकळ्यांना टोक असते आणि ती करप्याला सहसा बळी पडत नाही. (पाकळ्या म्हणतो खरा, पण ती सहपत्रे असतात, खरी फुले मधल्या हिरवट बोंडात दाटीने बसलेली असतात. आपल्या बोगनवेलीसारखाच प्रकार.) या दोहोंचा संकर इथल्याच रटगर्स विद्यापीठात एल्विन ऑर्टन यांनी केला, आणि १९९० च्या सुमारास त्यातील सहा निवडक वाण बाजारात आले : ऑरोरा, कॉन्स्टेलेशन, सेलेस्टियल, रूथ एलेन, स्टारडस्ट आणि स्टेलर पिंक. हे दोन्ही पालकांच्या मधल्या काळात, म्हणजे इकडे मे महिन्याच्या मध्याला फुलतात. शेजाऱ्यांचे झाड तुम्ही मे महिन्यात भर फुलात पाहिले, त्यावरून ते यांपैकीच एक असावे असे वाटते. हे संकरित वाण बहुधा वांझ असतात, त्यामुळे शरद ऋतूत लाल फळे मिळणार नाहीत. ज्यांना पक्ष्यांसाठी फळे हवीत त्यांना ही उणीव जाणवते.

माझ्या अंगणात कॉन्स्टेलेशन आहे. ते उभट वाढते. घराजवळ जागा अरुंद असेल तर कॉन्स्टेलेशन किंवा ऑरोरा घ्या. ऑरोराची सहपत्रे रुंद, एकमेकांवर चढलेली असतात आणि फूल भरगच्च दिसते. रूथ एलेन आणि स्टारडस्ट ठेंगणी आणि पसरट आहेत. स्टेलर पिंक नावाने गुलाबी आहे, पण तो गुलाबी फार फिका असतो, गडद रंगाच्या आशेने घेऊ नका. यांखेरीज 'व्हीनस' नावाचा एक नंतरचा वाण आहे; तो कौसा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील 'कॉर्नस नटॅलाय' ही जात यांच्या संकरातून आला असून त्याची सहपत्रे पसरलेल्या तळहाताएवढी होतात.

लावणीविषयी माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. मी पहिले झाड एका रोपवाटिकेतून आणले, तेव्हा मुळांच्या गड्ड्यावर आधीच चार बोटे जास्तीची माती चढलेली होती. मी ती न काढता तसाच गड्डा खड्ड्यात ठेवला आणि वर आणखी माती ओढली. झाड तीन वर्षे जगलेही नाही आणि मेलेही नाही. शेवटी उपटले तेव्हा खोडाभोवती गोल फिरलेली मुळे दिसली. खोड जिथे मुळांकडे पसरू लागते, तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. माती बोटांनी उकरून तो आधी शोधा, मगच खोली ठरवा. खड्डा गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, खोल मात्र गड्ड्याइतकाच. माती किंचित आम्लधर्मी, साधारण ५.५ ते ६.५ सामूची (pH) आणि निचऱ्याची हवी. भोवती दोन-तीन इंच लाकडाच्या भुशाचे किंवा पाल्याचे आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका. पाणी सकाळी आणि मुळाशीच द्या. गवतावरचे फवारे झाडाच्या पानांवर उडत असतील तर त्यांची दिशा बदला.

आणखी दोन गोष्टी. गवत कापण्याचे यंत्र खोडाला लागू देऊ नका, कारण अशाच जखमेतून डॉगवूडचा खोडकिडा आत शिरतो. आणि ही झाडे कलमी असतात, हे विसरू नका. माझ्या सध्याच्या झाडावर सहाव्या वर्षी एका बाजूला जून महिन्यात टोकदार फुले दिसली, तेव्हा घरात सगळ्यांना चमत्कार वाटला. प्रत्यक्षात तो कलमाच्या जोडाखालून, कौसाच्या खुंटावरून (ज्या मुळाकडच्या झाडावर कलम बांधतात, त्यावरून) आलेला फुटवा होता, आणि मी तो वेळेवर काढला नाही म्हणून फांदी झाला होता. सप्टेंबरअखेरीस येत असाल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावणी उरकून घ्या. नाही जमले तर थेट एप्रिलमध्ये करा. आणि हरणे येत असतील तर जाळी लावा. ती कोणत्याच विद्यापीठाचे संशोधन वाचत नाहीत.

उत्तर २ : अथणीचा द्राक्षवाला

वरील उत्तर इतके सविस्तर आहे की मला डॉगवूडविषयी भर घालण्यासारखे काही नाही. ते झाड मी पाहिलेलेही नाही. पण 'रोगप्रतिकारक' या शब्दावर अथणी तालुक्यातील आम्हा द्राक्षवाल्यांचे बरेच पैसे खर्च झाले आहेत, म्हणून लिहितो.

आमच्याकडे बहुतेक बागा डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत. हा खुंट पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो, म्हणून नवखा बागायतदार समजतो की वेल आता सगळ्यालाच पुरून उरेल. तसे होत नाही. वर डोळा भरलेली जात जी असेल, तिच्या पानांवर भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी) यायची तेव्हा येतेच. खुंटाला क्षार सोसतो म्हणून पानाला भुरी येणार नाही, हा हिशेबच चुकीचा आहे. म्हणून कोणी 'प्रतिकारक' म्हटले की मी पहिला प्रश्न विचारतो, कशाला प्रतिकारक? आणि दुसरा, किती?

या संकरित डॉगवूडचे म्हणाल, तर त्याची ख्याती मुख्यतः करप्याविरुद्ध आहे, आणि खोडकिड्याचा उपद्रवही त्याला कमी होतो असे सांगतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात डॉगवूडवर करप्यानंतर भुरीची लाट आली, आणि भुरीच्या बाबतीत सगळे वाण सारखे निघाले नाहीत. मुलीने विकत घेताना 'रोगाला दाद देत नाही' एवढ्यावर समाधान न मानता भुरीविषयी वेगळे विचारावे. पानावर थोडी पांढरी भुकटी दिसली म्हणून लगेच फवारणीचा पंप काढण्याचेही कारण नाही. आम्ही फवारतो कारण आमचे घड विकायचे असतात. अंगणातल्या शोभेच्या झाडाला हवा मिळाली, दाट फांद्या विरळ केल्या आणि पाणी पानांवर पडू दिले नाही, तर बहुतेक काम होते. छाटणी मात्र कोरड्या दिवशी करावी आणि रोगट काटक्या तिथेच पडू देऊ नयेत. जुन्या झाडाच्या काटक्या अजून कोपऱ्यात रचून ठेवलेल्या असतील तर त्या आधी हलवा, कारण ही बुरशी हिवाळा काटक्यांवरच काढते.

उत्तर ३ : टिळकवाडी

हल्ली आपल्या भागातही हौशी लोक सफरचंद लावतात. मग डॉगवूड का नाही? कुंडीत लावून थंडीच्या दिवसांत शीतगृहात ठेवला, तर काय हरकत आहे? मी थट्टा करत नाही. खरोखर विचारतो आहे.

उत्तर ४ : खानापूरचा निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक

टिळकवाडीकरांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो रास्त आहे. आपल्याकडे जी सफरचंदे फळतात, ती 'अॅना' किंवा 'एचआरएमएन-९९' यांसारख्या, थोड्या थंडीवर भागणाऱ्या जातींची असतात. सिमल्याच्या बाजारातील जुनी जात आणून लावली तर ती इथे नुसतीच पाने काढील. समशीतोष्ण प्रदेशातील झाडांच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात, आणि साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली शेकडो तास काढल्याशिवाय त्या नीट जाग्या होत नाहीत. रटगर्सचे वाण जिथे लावावेत असे सांगितले जाते, त्या प्रदेशांत हिवाळ्याची सगळ्यांत थंड रात्र शून्याच्या बरीच खाली, काही भागांत उणे वीस अंशांच्याही खाली जाते. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि कोकणातून वर आलेल्या माणसाला इथे हुडहुडी भरते, हे खरे; पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही आपला पारा बहुधा १२ ते १५ अंशांच्या आसपास थांबतो आणि दुपारी ऊन चटका देते. त्यातून येणारा मार्च-एप्रिलचा कोरडा उन्हाळा या उथळ मुळांच्या झाडाला सोसणारा नाही. शीतगृहात कुंडी ठेवून प्रयोग करता येईल, परंतु वीस फुटांपर्यंत वाढणारे झाड दर वर्षी उचलून नेणे म्हणजे हत्तीला माडीवर झोपवण्यासारखे आहे.

म्हणजे बाई, या झाडात पैदास करून आणलेला जो गुण आहे, त्याची आपल्या अंगणात गरजच पडत नाही. डॉगवूडचा करपा इथे नाही. झाड इथे हरेल ते थंडी न मिळाल्यामुळे, आणि त्यावर ही प्रतिकारशक्ती काही करू शकत नाही.

उलट रोप सामानात घालून आणण्यात एक धोका आहे आणि तो केवळ कायद्याचा नाही. वनस्पती विलगीकरण (भारतातील आयात नियमन) आदेश, २००३ नुसार परदेशातून जिवंत रोप, कलम किंवा बी आणायचे असेल, तर आधी आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत हा करपा मुळात बाहेरून, बहुधा आशियातून आला असावा असे मानले जाते. कौसा त्याला पुरून उरते आणि फ्लोरिडा मरते, यामागचे कारणही तेच सांगितले जाते. जी जात रोगाबरोबर वाढली तिला तो सोसतो. आपल्या हिमालयात 'कॉर्नस कॅपिटाटा' आणि तिच्या भावंडांची झाडे आहेत. आजारी काटकी त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे पाप आपण कशाला करावे? परदेशी धान्याबरोबर आलेले मानले जाणारे काँग्रेस गवत आपण आजही बांधावर उपटतोच आहोत.

आता थोडे आनंदाचे. डॉगवूडचे एक भावंड आपल्या दाराशी आहे. अंकोल. जुन्या पुस्तकांत त्याचे कुळ वेगळे दिलेले आढळेल, परंतु अलीकडच्या वर्गीकरणात ते डॉगवूडच्याच कुळात, कॉर्नेसीमध्ये, धरले जाते. शास्त्रीय नाव 'अलॅन्जियम साल्व्हिफोलियम'. कानडीत त्याला अंकोले म्हणतात, आणि कारवारजवळच्या अंकोला गावाचे नाव याच झाडावरून पडले असे सांगतात. बेळगावच्या पूर्वेकडील कोरड्या माळावर, जुन्या कुंपणांत आणि ओढ्याकाठी ते दिसते, पण एरवी कोणी त्याच्याकडे पाहत नाही, कारण वर्षातले दहा महिने ते एक साधे, थोडे काटेरी झुडूपवजा झाड असते. फेब्रुवारीपासून मात्र, पाने गळालेली असताना, फांद्या सुगंधी, पांढरट फुलांनी भरतात. पाकळ्या अरुंद असतात आणि उमलल्यावर मागे वळतात. डॉगवूडसारखी रुंद, कागदी सहपत्रे यात नाहीत. तेवढ्यापुरती निराशा होईल, हे आधीच सांगतो. पण डॉगवूडच्या फुलांना जो सुवास जवळजवळ नसतो, तो इथे आहे, आणि संकरित झाडाला न येणारी फळेही आहेत. पिकल्यावर ती जांभळट-तांबडी होतात, पक्षी खातात आणि गुरे राखणारी मुलेही खातात.

पुन्हा प्रश्नकर्त्या : हिंदवाडीची परसबाग

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीशी बोलणे झाले. जुन्या झाडाच्या काटक्या खरोखरच ओकखाली रचून ठेवल्या होत्या. त्या जावई या शनिवारी हलवणार आहेत. नवीन झाडासाठी स्वयंपाकघराच्या पूर्वेची जागा ठरली आहे. तिथे सकाळचे ऊन असते आणि दुपारनंतर घराची सावली पडते. जागा अरुंद असल्यामुळे निपाणीकरांच्या सांगण्याप्रमाणे ऑरोरा किंवा कॉन्स्टेलेशन, यांपैकी भुरीला जे कमी बळी पडते असे तिथला रोपवाटिकेवाला सांगेल, ते घेऊ. गड्ड्यावरची माती उकरायचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. रोप आणण्याचा विचार मात्र मी सोडला, आणि तसे मुलीलाही सांगून टाकले.

खानापूरच्या सरांना एक विचारायचे आहे. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशी सांबऱ्याच्या पुढच्या एका खेड्यातून येतात. त्यांना अंकोलचे वर्णन वाचून दाखवले, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या की त्यांच्या शेताच्या बांधावर ते आहे आणि त्याची फळे त्यांनी लहानपणी खाल्ली आहेत. त्या पुढच्या हंगामात फळे आणून देणार आहेत. बी गरातून काढून लगेच पेरावे की सावलीत वाळवून मग? आणि विहिरीपासून ते किती अंतरावर लावावे?

उत्तर ५ : खानापूरचा निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक

गर धुऊन टाका आणि बी ताजे असतानाच वाळू मिसळलेल्या तांबड्या मातीच्या पिशव्यांत पेरा. वाळवून ठेवण्यात काही लाभ नाही. एकाच पिशवीवर विसंबू नका, दहा-बारा तरी भरा, कारण सगळे बी उगवत नाही आणि जे उगवते तेही सावकाश. रोप वर्षभर पिशवीत सांभाळून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला जागेवर लावा. विहिरीच्या कठड्यापासून पंधरा-वीस फूट सोडा, आणि वाटेच्या अगदी कडेला नको. जुन्या फांद्यांची टोके काट्यासारखी टोचतात आणि साडी अडकते. मावशींना म्हणावे, फळे खाली पडलेली न आणता फांदीवर पिकलेली आणा.